एकोणतीस ओट्यांची बातमी

मागच्या वर्षी, मार्चमधला दुसरा बुधवार. रक्कम ओट्यामागे तीस हजार रुपये, बेचाळीस ओट्यांचे मिळून बारा लाख साठ हजार. हजर: वॉर्ड ऑफिसातले एक वरिष्ठ अधिकारी, बाजार निरीक्षक, नव्या इमारतीचा आराखडा घेऊन आलेल्या एक आर्किटेक्ट बाई, मासळी मंडईतल्या तीन कोळणी आणि मी. बातमीदार म्हणून मी एकटाच होतो. बाकीच्यांना संध्याकाळी मोबाइलवर प्रेसनोट मिळणार होती आणि तेवढ्यावर ते भागवणार होते.

मंडई पश्चिम उपनगरातली. कुठली ते लिहीत नाही. माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे, एवढं पुरे. पत्र्याची जुनी शेड पाडून तिथे पाच मजली इमारत होणार, वर पार्किंग, तळमजल्यावर मासळी. इमारत होईपर्यंत कोळणींनी नाल्याच्या कडेला तात्पुरत्या शेडमध्ये बसायचं आणि सामान हलवण्यासाठी प्रत्येक परवानाधारकाला तीस हजार मिळायचे. पण तीस हजार ही त्यातली किरकोळ गोष्ट होती. खरी गोष्ट म्हणजे यादी. ज्याचं नाव यादीत, त्याला नव्या इमारतीत ओटा. बैठकीला आलेल्या तिघी कोळणी पैशाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. यादी कधी लागणार, हे मात्र त्यांनी तीनदा विचारलं.

अधिकारी म्हणाले, बेचाळीस ओटे, बेचाळीस परवाने. मी वहीत लिहिलं: बेचाळीस, आणि पुढे कंसात "मोजणे".

ही माझी सव्वीस वर्षांची सवय. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या आमच्या वृत्तसंपादकांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की अधिकाऱ्याने दिलेला आकडा हा अधिकाऱ्याचा असतो, आपला आकडा आपण मोजायचा. तेव्हापासून मी मोजत आलो. जोगेश्वरीपासून मालाडपर्यंत चालत जाऊन हायवेवरचे खड्डे मोजले आहेत. सभेच्या खुर्च्या मोजल्या आहेत, म्हणजे एक रांग मोजून रांगांनी गुणलं आहे. एका शाळेत पटावर दाखवलेली मुलं आणि बाकांवर बसलेली मुलं मोजून लिहिलेल्या बातमीनंतर तिथला मुख्याध्यापक बदलला होता. बायको म्हणते, मी घरात गॅसचा सिलिंडरसुद्धा तारीख लिहून लावतो. लावतो. त्यात वाईट काय, हे मला आजही कळलेलं नाही.

खरं सांगायचं तर या सवयीचा मला अभिमान होता आणि गेल्या पाच-सहा वर्षांत तो वाढला होता. आमच्या ऑफिसात आता बाहेर जाणारे चार जण उरले आहेत. उपनगरांची पुरवणी बंद झाली, तिची दोन पानं मुख्य अंकात आली, मग दोनाचं एक झालं आणि त्या एकावरही अर्धी जाहिरात असते. भिंतीवर मोठा पडदा लावला आहे. कुठली बातमी किती लोक मोबाइलवर वाचत आहेत, ते त्यावर मिनिटामिनिटाला दिसतं. पंचविशीतली मुलं खुर्चीवरून न उठता दिवसाला बारा-तेरा बातम्या करतात. त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढ्या करायलाच सांगितलेलं असतं. पण मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचो, मी अजून जाऊन मोजतो. या गोष्टीत माझा पाय कुठे घसरला ते कळायला हे सांगणं भाग आहे.

मोजायला मी शुक्रवारी गेलो. सोमवारी, गुरुवारी मंडई अर्धी रिकामी असते. बुधवार, शुक्रवार, रविवारी सगळे ओटे भरतात. सकाळी साडेसातला पोहोचलो. सहाव्या ओट्यावर मावशी होती. तिच्याकडून आमच्या घरी एकोणीस वर्षं मासळी येते. मी नाव घेत नाही आणि खरं तर तिचं नाव मला त्या दिवसापर्यंत माहीतही नव्हतं. ती साठीच्या आसपासची, उंच, कानात सोन्याच्या जड कुड्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. बायकोला बोंबील निवडायला तिनेच शिकवलं. आमचा मुलगा बारावीला असताना ती दर शुक्रवारी त्याच्यासाठी म्हणून दोन कोळंब्या जास्तीच्या टाकायची आणि त्याला मार्क कमी पडले तेव्हा, "माज्या कोलंब्या फुकट गेल्या," असं म्हणाली होती. मला ती दादा म्हणायची.

मी वही काढून विचारायला लागलो, तेव्हा बायकांनी आधी तोंडं फिरवली. कोयता चालूच. वही घेऊन येणारा माणूस त्यांच्या अनुभवात कधी काही द्यायला आलेला नव्हता. तेव्हा मावशीने ओट्यावरूनच हाक दिली.

"सांगा गं, काय इचारतंय तो. आपला दादा हाय. पेपरान लिवनार हाय आपल्यासाठी."

मग त्या बोलल्या. परवाना कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, मी एकेकीला विचारत गेलो. कुणी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला, कुणी मोबाइलमधला फोटो दाखवला. दीड तासात बेचाळीस ओटे झाले. बेरीज: स्वतःच्या नावावर परवाना असलेल्या तेरा, दुसऱ्याच्या नावावर असलेल्या एकोणतीस. त्या एकोणतीस नावांतली बहुतेक माणसं वारलेली होती. एका परवान्यावरची बाई वारून बावीस वर्षं झाली होती आणि तिच्या नावाने दर महिन्याला भाडं भरलं जात होतं, पावतीही फाडली जात होती.

मावशीचा परवाना तिच्या सासूच्या नावावर होता. तिने मला तसं सांगितलं. ओटा सासूचा, सासू गेल्यावर आम्ही दोघी जावा बसतो, सकाळी मी, संध्याकाळी धाकटी. मी लिहून घेतलं. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने असंच होतं. सासूचा, आईचा, आतेसासूचा. वहीत आहे सगळं.

मग मी घरी येऊन बातमी लिहिली, आणि वारसाचा भाग लिहिला नाही.

का लिहिला नाही, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा दिलेलं आहे. परवान्यावरचं नाव आणि ओट्यावर बसलेली बाई या दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. या बाया त्या नावांच्या सुना, मुली, भाच्या आहेत, हे मात्र त्या सांगत होत्या. मृत्यूचा दाखला पाहिला नव्हता, वारसाचा कागद पाहिला नव्हता. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. बरं, "असे त्यांचे म्हणणे आहे" असं एक वाक्य घालता आलं असतं. तेही घातलं नाही, कारण एकोणतीसपैकी काही जणींनी ओटा भाड्याने घेतला असण्याची शक्यता होती आणि एका वाक्यात सगळ्यांना वारस ठरवणं मला सैल वाटलं. बातमी दोनशे ऐंशी शब्दांची झाली. बेचाळीस, तेरा, एकोणतीस. प्रत्येक आकडा बरोबर होता. आजही बरोबर आहे.

मथळा बातमीदार देत नाही, डेस्क, म्हणजे ऑफिसात बसलेले उपसंपादक देतात. शनिवारी सकाळी पेपर उघडला तर मथळा होता: मंडईतील २९ ओटे बेनामी, पालिकेच्या लाखोंवर डल्ला? शेवटचं प्रश्नचिन्ह आमच्या धंद्यात वकिलाचं काम करतं. उद्या कोणी कोर्टात गेलं तर आम्ही फक्त विचारलं होतं, असं म्हणता येतं. बातमीसोबत फोटो हवा म्हणून मी मोबाइलवरचे तीन पाठवले होते. त्यातला त्यांनी मावशीचा घेतला, कारण पत्र्याच्या फटीतून तिच्यावर ऊन बरं पडलं होतं आणि तिने हातात पापलेट धरलं होतं. मोबाइलच्या आवृत्तीत तोच फोटो होता, फक्त तिच्याभोवती लाल गोल काढलेला. दुपारपर्यंत आमच्या पडद्यावर ती बातमी पहिल्या पाचांत होती.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही ती आली. चौसष्ट फ्लॅटची सोसायटी. बहुतेक लोक नोकरदार, बँकांतले, कंपन्यांतले, दोन डॉक्टर. कुणीतरी लिहिलं, आपण वेळेवर टॅक्स भरतो आणि हे लोक मेलेल्यांच्या नावाने पैसे खातात. कुणी लिहिलं, इमारत होतेच आहे तर मासळी तिथे परत कशाला, वासाने खिडक्या उघडता येत नाहीत. यातल्या तिघांच्या घरी आता मासळी ॲपवरून येते, धुतलेली, डब्यात. मग मला शाबासकी आली. वेल डन सर. सतरा अंगठे. मी ते मोजले, कारण मी मोजतोच. चहा घेता घेता बायकोने माझा फोन घेऊन बातमी वाचली आणि विचारलं, "मावशी बेनामी आहे?"

मी म्हटलं, मथळा माझा नाही.

"मथळा नसेल तुझा. पण सासूचा ओटा आहे, हे तर मलाही माहीत आहे. तू कसं नाही लिहिलंस?"

मी तिला कागदाचं सांगितलं. तिने फोन टेबलावर ठेवला. त्या शुक्रवारची सुरमई अजून फ्रीजमध्ये होती.

पुढच्या बुधवारी यादी लागली. तेरा नावं. उरलेल्या एकोणतीस ओट्यांवर नोटीस चिकटवली होती: परवान्याबाबत तक्रार आल्याने पात्रता स्थगित, तीस दिवसांत कागदपत्रे सादर करावीत. मी आधी वॉर्ड ऑफिसात गेलो. बाजार निरीक्षक सज्जन माणूस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. त्याने फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. वरच माझ्या बातमीचं कात्रण, दोन भोकं पाडून टॅगने बांधलेलं, माझ्या नावासकट. तो म्हणाला, साहेब, ही कुटुंबं आम्हाला माहीत होती, इतकी वर्षं आम्ही चालवून घेत होतो. आता पेपरात आलं, वरून विचारणा झाली. आता मला कागद लागणार. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त अवघड झालं.

मग मंडईत गेलो. मावशीने मला येताना पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा बांगडा साफ करत राहिली. ते गेल्यावर तिने मान वर केली.

"बोला सायेब. काय पायजे?"

एकोणीस वर्षांत ती मला पहिल्यांदा साहेब म्हणाली. मी म्हटलं, मावशी, मासळी नको, बोलायला आलोय. ती म्हणाली, बोलन्याचा काय भाव हाय आज? शेजारच्या ओट्यावरची हसली. मावशी हसली नाही.

"मी तुना सांगितला व्हता का नाय, का सासूचा ओटा हाय म्हनून?"

"सांगितलं होतंस."

"मंग ता कुठं हाय? पोरीनं मना सगला वाचून दाखवला. दोन वेला वाचायला लावला मी तिला. सासू कुठं नाय त्यान."

"मावशी, त्याचा कागद मी पाहिला नव्हता. कागदाशिवाय मला लिहिता येत नाही."

तिने कोयता धुतला, फडक्याने पुसला.

"सासू मेली तवा तिच्या तोंडान पानी मी घातला. त्याचा पन कागद नाय माज्याकडं."

मी अर्धा किलो मांदेली घेतली. तिने काट्यावर बरोबर अर्धा किलो तोलली, काटा स्थिर होईपर्यंत थांबली, पैसे घेतले आणि सुटे परत दिले. वर काही टाकलं नाही. शेजारची म्हणाली, "बरोबर भरला ना सायेब? नायतर पेपरान देशील, मापान मारतात म्हनून." या वेळी पलीकडच्या दोघी-तिघीही हसल्या.

ऑफिसात मी खुलासा छापायला मागितला. आमचा शहर संपादक माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, हुशार आहे, मला सर म्हणतो. त्याने शांतपणे विचारलं, "सर, आकडा चुकलाय का?"

मी नाही म्हटलं.

"मग खुलासा कशाचा द्यायचा?"

मी म्हटलं, चुकीचा अर्थ गेलाय. तो म्हणाला, अर्थाचा खुलासा कुठे देतात, सर? हवं तर पाठपुरावा करा, कोळणींची बाजू. पण बेचाळीस ओट्यांचं पुन्हा कोण वाचणार? मी लिहून दिलं, एकशे नव्वद शब्द. रविवारसाठी पानावर लागलंही होतं. शनिवारी संध्याकाळी एका शोरूमची अर्ध्या पानाची जाहिरात आली आणि बातमी उतरली. सोमवारी ती शिळी झाली होती. मोबाइलवरच्या बातमीतला लाल गोल तरी काढा, म्हणून मी तिथल्या मुलीला सांगितलं. तिने लगेच काढला, सॉरी म्हणाली, गोल कोणी काढला हे तिला माहीत नव्हतं. पण तोवर तो फोटो इतरांनी उचलला होता आणि त्यांच्याकडे गोल तसाच होता. एकाने तर दोन गोल केले होते.

त्या आठवड्यात मी रागावलो ते पेपरवर, मथळ्यावर, पडद्यावर. सोपं होतं ते. ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याशी चहावर तासभर या धंद्याला शिव्या घातल्या आणि घरी आलो तेव्हा वही तशीच टेबलावर होती. सहाव्या ओट्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं: सासू मयत, दोघी जावा, सकाळ-संध्याकाळ. वाक्य माझ्याकडे होतं. ते डेस्कने कापलं नव्हतं, मी लिहिलंच नव्हतं.

मग जे करता येत होतं ते केलं. निरीक्षकाकडून यादी घेतली: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, ज्या एका व्यक्तीच्या नावे परवाना व्हायचा तिला इतर वारसांचं ना हरकत पत्र आणि दोन वर्तमानपत्रांत, एक मराठी एक इंग्रजी, जाहीर नोटीस. परवान्यावर नाव एकच राहणार, हे त्याने दोनदा सांगितलं. मी ते कागदावर सोप्या भाषेत लिहून मंडईत वाटलं. ओळखीच्या वकिलाला कमी फीत प्रतिज्ञापत्रं करायला बसवलं. मावशीच्या घरचे कागद मी स्वतः करतो म्हटलं. ती "कर" एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो, कोळीवाड्यात. हजर होत्या मावशी, तिची जाव, जावेचा मुलगा, त्याची बायको आणि मावशीची मुलगी. मावशीचे यजमान दहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी एकच, मालाडला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. ती दारातच मला म्हणाली, "काका, तुम्ही मोजायला आलात तेव्हा आईने सगळ्यांना सांगितलं, याला बोला म्हणून. आता बायका तिलाच बोलतात." खुर्ची एकच होती, ती मला दिली.

तोपर्यंत मला एक गोष्ट समजली नव्हती. इतकी वर्षं या लोकांनी परवाने नावावर का करून घेतले नाहीत? मला वाटलं होतं आळस, किंवा ऑफिसची भीती. जावेने ते सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

"कोनाच्या नावान करनार व्हतो? हिच्या केला तर माजी पोरं इचारतील, माज्या केला तर ही. म्हातारीचा नाव व्हता म्हनून आमी दोघी बसलो. तीस वर्सान आमचा भांडन नाय झाला."

त्या एकोणतीस ओट्यांतल्या बहुतेकांवर वारलेल्या बायकांची नावं का होती, ते मला त्या वाक्यात कळलं. ती नावं तिथे ठेवलेली होती, कारण ती कोणाचीच बाजू घेत नव्हती. मी मात्र ती चूक म्हणून मोजली होती.

आता एक नाव द्यायचं होतं. कागद माझ्या मांडीवर, पेन माझ्या हातात, आणि त्या घरात ते विचारायची वेळ माझ्यामुळे आली होती. शेवटी जावेचा मुलगा बोलला. चांगला मुलगा आहे, बोटीवर जातो, बोलताना त्याने मावशीकडे बघितलं नाही.

"काकी, तुज्यामागं कोन बसनार हाय?"

मुलगी काहीतरी बोलायला गेली. मावशीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलगी मंडईत बसणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिने बसू नये म्हणूनच मावशीने तिला शिकवलं होतं. जावेची सून मात्र दोन वर्षांपासून संध्याकाळी ओट्यावर असते, हाताला चलाख आहे. मावशी बराच वेळ दाराबाहेर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत होती.

"हिच्या नावान करा," ती सुनेकडे बोट करून म्हणाली. "पन सकाल माजी. मी हाय तवर."

"तुजीच, काकी," सून म्हणाली. जावही तसंच म्हणाली. मी विचारलं, हे कागदावर घ्यायचं का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मावशी म्हणाली, "आता ह्याचा पन कागद?" मग मी ते घेतलं नाही. निरीक्षकाच्या नमुन्यात त्याला जागाही नव्हती. ना हरकत पत्रावर तिने सही केली. तीन अक्षरं, सावकाश, मुलीने बोट ठेवून दाखवलेल्या जागी.

जाहीर नोटीस मी स्वतः लिहिली आणि आमच्याच ऑफिसच्या तळमजल्यावर जाहिरातींच्या खिडकीवर दिली. तिथला माणूस मला बारा वर्षं ओळखतो. म्हणाला, स्टाफला घरच्या नोटिशीवर सवलत आहे, फॉर्म देऊ का? मी म्हटलं, घरची नाही. त्याने सेंटिमीटर मोजले. मराठीचे दोन हजार चारशे ऐंशी, इंग्रजी पेपरचे एक हजार सहाशे वीस, मिळून चार हजार शंभर. मी भरले आणि पावत्या घेतल्या.

नोटीस गुरुवारी आठव्या पानावर आली. ओटा क्रमांक सहा, मूळ परवानाधारक मयत, त्यांच्या पश्चात थोरली सून व धाकटी सून हा व्यवसाय एकत्रितपणे करीत असून, असं सगळं त्यात होतं. जाहिरात असल्यामुळे एक शब्द कापला गेला नाही आणि मथळा कोणी बदलला नाही. ऑफिसात ती कोणी वाचली नाही. मी कात्रण काढून निरीक्षकाला नेऊन दिलं. त्याने फाइलमध्ये माझ्या बातमीवर ठेवलं आणि टॅग बांधला.

एकोणतीसपैकी चोवीस जणींचे कागद मुदतीत झाले. दोघींना वाढीव मुदत मिळाली. तिघींचं झालं नाही: एकीच्या नणंदेने सही दिली नाही, दोघींचे ओटे खरंच भाड्याचे निघाले. म्हणजे माझ्या एकोणतीसात बेनामी म्हणण्यासारखे दोन होते. हा आकडा मी पुन्हा शहर संपादकाला दिला. तो म्हणाला, सर, आता राहू द्या. मी राहू दिलं. पण तेव्हापासून बातमीत आकडा लिहिला की त्याच्या शेजारी, ज्याला मोजलं त्याने काय सांगितलं तेही लिहितो, कागद असो वा नसो. त्यामुळे माझ्या बातम्या लांब होतात आणि डेस्क त्या कापतं. कधी आकडा राहतो आणि सांगणं जातं, कधी दोन्ही जातात. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

मावशी आता नाल्याकडच्या शेडमध्ये सकाळी बसते. पाळी अजून तशीच आहे. मधे एकदा मी गेलो तेव्हा ओट्यावर सून होती, सकाळचे आठ वाजले होते. मावशी बाजूला स्टुलावर बसून कोळंबी सोलत होती. म्हणाली, कंबर दुखतंय. दुखत असेलही. मी जास्त विचारलं नाही. मला ती आता साहेब म्हणत नाही, दादाही म्हणत नाही. थेट भाव सांगते.

सामान हलवण्याचे तीस हजार जूनमध्ये सुनेच्या खात्यात जमा झाले. रीतीप्रमाणे अर्धे मावशीचे व्हायला हवे होते. तिला दहा मिळाले. बाकी नव्या पेट्या आणि बर्फाच्या डब्यांना लागले, असं जावेने सांगितलं. मावशीने हिशेब विचारला नाही. त्याच आठवड्यात तिने मला नोटिशीचा खर्च विचारला. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. तिने मुलीला सांगून त्या दहा हजारांतून अर्धा खर्च काढायला लावला, नोटा माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "अर्धी नोटीस माजी. अर्धी त्यांची, ती त्यांच्याकडशी घे."

त्यांच्याकडे मी मागितली नाही. तर तीस हजारांतले वीस हजार जावेच्या घरी गेले, सात हजार नऊशे पन्नास मावशीकडे राहिले आणि दोन हजार पन्नास मला मिळाले. मी ते घेतले.